नव्वद दिवसांची आठवण

फ्रान्समध्ये दरवर्षी १८ जूनला राष्ट्रीय समारंभ होतो. १९४० साली त्या दिवशी जनरल चार्ल्स द गॉल यांनी लंडनहून, बीबीसीच्या मायक्रोफोनवरून, देशवासीयांना लढत राहण्याचं आवाहन केलं होतं. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, कारण बीबीसीने ते केलंच नव्हतं. माहितीपटांत जो आवाज ऐकवतात तो चार दिवसांनंतरच्या, २२ जूनच्या भाषणाचा आहे. चर्चिल यांचंही तेच. ‘समुद्रकिनाऱ्यांवर लढू’ हे ते जून १९४० मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये बोलले. तिथे तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोयच नव्हती. आज आपण त्यांच्या आवाजात जे ऐकतो, ते त्यांनी १९४९ मध्ये घरी बसून पुन्हा वाचून दाखवलेलं आहे. युद्ध जिंकून चार वर्षं झाल्यावरचा तो आवाज आपण पराभवाच्या छायेतला म्हणून ऐकतो आणि शहारतो.

प्रसारणाचा इतिहास सांगायला बसलं की आपण पहिल्यावहिल्या गोष्टींची यादी करतो. १९२० मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या केडीकेए या रेडिओ केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकवले, १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली, १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी आली, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं, १९५९ मध्ये दिल्लीत टीव्ही दिसू लागला. यंत्रं कधी आली ते आपल्याला तोंडपाठ. पण त्या यंत्रांतून लोकांना काय ऐकवलं, काय दाखवलं, आणि त्यातलं आज किती शिल्लक आहे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते प्रसारणाबद्दलचा तोच सगळ्यात निकडीचा सार्वजनिक प्रश्न आहे. पुस्तक छापलं की त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचं बंधन आपल्या कायद्यात आहे. तसंच बंधन आकाशवाणी, दूरदर्शन आणि प्रत्येक खासगी वाहिनीवर हवं. आणि हा ठेवा माहिती खात्याच्या कपाटात जाता कामा नये.

जुन्या काळात जपणं अवघड होतं, हे आधी मान्य करू. १९३० च्या दशकात बीबीसीकडे पोलादी पट्टीवर आवाज नोंदवणारी यंत्रं होती. पट्टी सेकंदाला दीड मीटर वेगाने धावायची, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जवळपास तीन किलोमीटर पोलाद. ती तुटली तर वेल्डिंग करून जोडायची. असं यंत्र आठवणी जपायला कोण वापरणार? बीबीसीने ते मुख्यतः साम्राज्यभरच्या श्रोत्यांसाठी घेतलं होतं. लंडनची संध्याकाळ ही ऑस्ट्रेलियाची पहाट, तेव्हा तोच कार्यक्रम वेगवेगळ्या वेळी ऐकवायला ते उपयोगी पडायचं. ऐकवून झालं की पट्टी पुन्हा वापरायला मोकळी.

अमेरिकेत तर ध्वनिमुद्रण करणं हेच कमीपणाचं मानलं जाई. एनबीसी या बड्या रेडिओ कंपनीच्या जाळ्यावर ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावायला मनाई होती. श्रोत्यांना ताजं, जिवंत काही मिळावं, हे त्याचं वरवरचं कारण. खरं कारण धंद्याचं होतं. कार्यक्रम तबकडीवर नोंदवून टपालाने पाठवता आला, तर एनबीसीच्या महागड्या तारांच्या जाळ्याला कोण विचारणार?

या मनाईला पहिलं मोठं खिंडार पडलं ते अपघाताने. ६ मे १९३७ रोजी शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राचा निवेदक हर्बर्ट मॉरिसन आणि तंत्रज्ञ चार्ल्स नेल्सन न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला ‘हिंडेनबर्ग’ हे वायूने भरलेलं जर्मन हवाई जहाज (एअरशिप) उतरताना नोंदवायला गेले होते. सोबत तबकडी कोरणारं फिरतं यंत्र होतं. थेट प्रसारण नव्हतंच, यंत्राची चाचणी हा अर्धा हेतू. जहाज पेटलं. स्फोटाच्या हादऱ्याने कोरणारी सुई तबकडीत रुतली, नेल्सनने चटकन ती उचलून पुन्हा टेकवली. तबकडीवर ती खोच आजही आहे. यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर मॉरिसनचा आवाज होता त्यापेक्षा चिरका येतो. त्याचा हंबरडा जगाला ठाऊक आहे तो असा, मूळ पट्टीपेक्षा वरच्या पट्टीत. दुसऱ्या दिवशी एनबीसीने आपला नियम बाजूला ठेवून ते ऐकवलं. मॉरिसन थेट प्रसारणावर असता, तर एनबीसीच्याच पद्धतीप्रमाणे तो आवाज त्या संध्याकाळी हवेत विरला असता. प्रसारण-इतिहासातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध वार्तांकनाचा तुकडा टिकला, कारण तो थेट प्रसारणासाठी केलेलाच नव्हता.

मग १९५६ मध्ये व्हिडिओ टेप आली. अँपेक्स कंपनीचं यंत्र, दोन इंच रुंदीची टेप, यंत्राची किंमत सुमारे ५०,००० डॉलर. आता तरी सगळं जपलं जाईल असं वाटावं. झालं उलटंच. त्याआधी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रण करत, त्याला किनेस्कोप म्हणत. चित्र गढूळ यायचं, पण फिल्मवरचं काही पुसता येत नाही. टेप पुसता येत होती, आणि हाच तिचा मोठा गुण म्हणून तिची जाहिरात झाली. तासाभराच्या रिळाला सुमारे ३०० डॉलर पडत, तेव्हा ते पुन्हा पुन्हा वापरणं हिशेबी माणसाला शहाणपणाचंच वाटलं. टेपचा पहिला प्रसारण-उपयोगही सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या बातम्या लॉस एंजेलिसमध्ये तीन तास उशिरा दाखवायच्या, म्हणून सीबीएसने ३० नोव्हेंबर १९५६ ला ती वापरली. तीन तास लक्षात ठेवण्यासाठी घेतलेलं यंत्र तीन दशकं लक्षात ठेवेल, अशी अपेक्षा तरी का करावी?

पुढची वीस वर्षं पुसापुशीची. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत नाटकं, विनोदी मालिका, मुलांचे कार्यक्रम ढिगाने पुसले. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या, रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कोण बघणार असा समज होता, परदेशातली विक्री संपली होती, कपाटं भरली होती. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी जुने भाग गेले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे, कारण काही पोरांनी घरच्या टीव्हीच्या स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर धरला होता. संस्थेने पुसलं आणि चाहत्यांनी राखलं! १९६९ च्या चांद्रमोहिमेच्या वेळी बीबीसीच्या स्टुडिओतून झालेलं समालोचनही असंच गेलं. आणि खुद्द नासाने? चंद्रावरून आलेलं मूळ चित्र ज्या टेपांवर होतं, त्या १९८० च्या सुमारास टेपांचा तुटवडा पडला म्हणून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाच्याच शोधपथकाने २००९ मध्ये काढला. जगाने पाहिलं ते प्रसारणासाठी रूपांतरित केलेलं, मूळ चित्रापेक्षा पुसट चित्र. तेवढंच उरलं आहे.

यात खलनायक कुणी नाही, हे मला जास्त अस्वस्थ करतं. कुणी मोठा साहेब येऊन ‘इतिहास जाळा’ म्हणाला नाही. साठा सांभाळणाऱ्या कारकुनाने रजिस्टर बघितलं, मुदत संपलेली रिळं काढली, पुसायला पाठवली. दूरदर्शनमध्येही टेपा पुसून वापरल्या गेल्याचं तिथे काम केलेले लोक सांगतात, आणि त्यातही कुणाचा दुष्टावा नव्हता. नियमच नव्हता, एवढंच.

काय टिकलं, याकडे बघितलं तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. प्रसारण जपलं ते बहुतेकदा त्याच्यावर संशय घेणाऱ्यांनी. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो ऑगस्टपासून नोव्हेंबरमध्ये पकडला जाईपर्यंत चालू होता. त्यावरून काय बोललं गेलं, याचा तपशील आज मिळतो तो मुख्यतः ब्रिटिश सरकारची माणसं ते ऐकून टिपून ठेवत होती म्हणून. युद्धकाळात बीबीसीने इव्हशॅमला शत्रूची केंद्रं ऐकण्यासाठी खास विभाग उभारला. बर्लिनने कोणत्या दिवशी काय सांगितलं, हे शोधायला अभ्यासक त्या नोंदींकडे जातात. कान देऊन ऐकणारा श्रोता हेरगिरीच्या पगारावर होता, असं म्हणायचं.

आपला आजचा नियम या परंपरेत चपखल बसतो. खासगी उपग्रह वाहिन्यांना परवानगीच्या अटींनुसार प्रसारित मजकुराचं मुद्रण, म्हणजे रेकॉर्डिंग, ९० दिवस ठेवावं लागतं. तक्रार आली, खात्याने मागितलं, तर दाखवता यावं म्हणून. एक्क्याण्णवाव्या दिवशी ते पुसायला वाहिनी मोकळी. याच्या शेजारी १९५४ चा पुस्तकं आणि वृत्तपत्रं ग्रंथालयांना देण्याचा कायदा ठेवून बघा. त्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. वृत्तपत्रंही १९५६ च्या दुरुस्तीने त्यात आली. या कायद्याची अंमलबजावणी ढिसाळ आहे, हा वेगळा विषय. पण भूमिका स्पष्ट आहे. छापलेला शब्द हा देशाचा ठेवा, आणि बोललेला-दाखवलेला शब्द हा तक्रारीचा पुरावा. चित्रपटांसाठीसुद्धा १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. टीव्ही या दोन्हींच्या मधल्या फटीत पडला.

वास्तविक प्रसारणावर जनतेचा हक्क पुस्तकापेक्षा जास्त आहे. पुस्तकाचा कागद प्रकाशकाचा असतो. रेडिओलहरी कुणाच्या? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून झालेल्या खटल्यात स्वच्छ सांगितलं की त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्या निकालाचा आधार घेऊन खासगी वाहिन्यांनी आपलं स्वातंत्र्य मागितलं, आणि योग्यच केलं. पण मालक जनता असेल, तर तिच्या मालमत्तेवरून काय गेलं याची एक प्रत मागण्याचा तिला अधिकार नको? शेत खंडाने दिलं तरी कोणतं पीक निघालं हे मालक विचारतोच.

हे काही अशक्यप्राय नाही, दुसरीकडे होतंय. अमेरिकेत नॅशव्हिलमधल्या एका विमा कंपनीतले अधिकारी पॉल सिम्पसन न्यूयॉर्कला गेले असताना त्यांनी वाहिन्यांना विचारलं की जुन्या बातम्या कुठे बघायला मिळतील. उत्तर मिळालं की त्या जपतच नाही. त्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मागे लागून ५ ऑगस्ट १९६८ पासून तिन्ही मोठ्या वाहिन्यांच्या रात्रीच्या बातम्या घरच्यासारख्या अँटेनावरून टिपायला सुरुवात करवली. सीबीएसने १९७३ मध्ये विद्यापीठावर खटला भरला. अमेरिकी संसदेने १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात ग्रंथालयांना बातम्या नोंदवण्याची सूट दिली आणि तो खटला बारगळला. फ्रान्सने तर १९९२ च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीलाही सक्तीच्या जमा-प्रतीच्या कक्षेत आणलं आणि ते काम ‘इना’ या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेकडे दिलं. अभ्यासकाने तिथे जायचं, टेबलाशी बसायचं, बघायचं, टिपण घ्यायचं. फुकट वाटप नाही, त्यामुळे हक्कदारांचं नुकसान नाही. स्वामित्व आणि स्मृती यांचं भांडण असं साध्या वाचनकक्षात मिटतं.

ते मिटवलं नाही तर काय होतं, याचा नमुना अमेरिकी फुटबॉलने दिला आहे. १५ जानेवारी १९६७ ला पहिला सुपर बोल, म्हणजे तिथल्या फुटबॉलचा विजेतेपदाचा सामना, झाला. सीबीएस आणि एनबीसी अशा दोन वाहिन्यांनी तो दाखवला आणि दोघींनीही टेप राखली नाही. पुढे कळलं की पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थाने त्याचा बराचसा भाग टेपवर उतरवला होता. ती टेप दुरुस्त झाली, न्यूयॉर्कच्या पेली सेंटरमध्ये ठेवली गेली, आणि अडकली. टेप एकाची, प्रसारणाचे हक्क फुटबॉल लीगचे. लीगकडे हक्क आहेत पण टेप नाही, दुसऱ्याकडे टेप आहे पण हक्क नाहीत.

खासगी कंपन्या आपला संग्रह आपणच जपतील, पैसा आहे त्यात, असं म्हणणारे भेटतात. कंपनी चालते तोवर जपेलही. १९५० च्या दशकात बंद पडलेल्या ड्यूमॉण्ट या अमेरिकी टीव्ही जाळ्याचा संग्रह नंतर हस्तांतरांच्या भानगडीत सापडला. अभिनेत्री ईडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितलं की तो ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या बंदरात बुडवला गेला. आपल्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत किती वाहिन्या आल्या, विकल्या गेल्या, नावं बदलून पुन्हा आल्या, बंद पडल्या! त्यांच्या टेपा आज कुणाच्या गोदामात आहेत?

‘यूट्यूबवर असतं की सगळं’ हा पुढचा आक्षेप. नसतं. तिथे असतो तो वाहिनीने निवडलेला, कापलेला तुकडा, आणि अडचणीचा वाटला की तो काढून टाकायची कळही तिच्याच हाती. शिवाय रात्री नऊला घरी बसलेल्या माणसाने जे पाहिलं त्यात खाली धावणारी पट्टी होती, कोपऱ्यातली चौकट होती, मधल्या जाहिराती होत्या. दंगलीच्या बातमीखाली कोणती ओळ किती वेळ फिरत राहिली, हे पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला चर्चेतल्या शब्दांपेक्षा महत्त्वाचं वाटू शकतं.

‘इतका कचरा कशाला साठवायचा?’ असंही विचारतात. या प्रश्नाशी मला सहानुभूती आहे, आजच्या चर्चा बघून तर फारच. पण कचरा कोणता हे ठरवणाऱ्यांचा पूर्वानुभव वाईट आहे. बीबीसीने राज्याभिषेक ठेवला आणि विनोदी मालिका पुसल्या. प्रतिष्ठित ते ठेवावं, करमणुकीचं टाकावं, ही त्या काळच्या साहेबी अभिरुचीची चाळणी होती. आपल्याकडे निवड करायला बसलो तर पंतप्रधानांची भाषणं राहतील आणि शेतकऱ्यांच्या पत्रांना दिलेली उत्तरं जातील. म्हणून निवडच नको, सरसकट ठेवा. हिशेब घाबरण्यासारखा नाही. सेकंदाला दोन मेगाबिट या दराने बऱ्यापैकी चित्र साठतं. तासाला ९०० मेगाबाइट, आणि वर्षाच्या ८,७६० तासांना आठ टेराबाइटच्या आत. हातात मावेल अशा एका हार्ड डिस्कवर वाहिनीचं अख्खं वर्ष बसतं. रेडिओचं वर्ष तर मोबाइलच्या कार्डावर मावेल. खर्च आहे तो दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घेण्याचा आणि ते करणाऱ्या माणसांच्या पगाराचा. जुन्या चुंबकीय टेपांची स्थिती मात्र खरोखर बिकट आहे. टेप चिकट होते, ती वाजवणारं यू-मॅटिकसारखं यंत्र कुणी बनवत नाही, ते दुरुस्त करणारा कारागीर निवृत्त झालेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं की २०२५ पर्यंत ज्या टेपा उतरवून घेतल्या जाणार नाहीत, त्या बहुतांशी गेल्यात जमा धरा. ती मुदत सरली.

सगळ्यात गंभीर आक्षेप खासगीपणाचा आहे. टीव्हीने ज्याला आरोपी म्हणून दिवसभर दाखवलं, तो पुढे निर्दोष सुटला, तर ती चित्रफीत कायम का राहावी? पण ९० दिवसांच्या नियमाने त्या माणसाला काय मिळतं ते बघा. खटला पाच-सात वर्षं चालतो. सुटल्यावर तो वाहिनीकडे चूक कबूल करण्याची मागणी करायला जातो. अमुक तारखेला, अमुक वाजता, निवेदकाने मला खुनी म्हटलं होतं, हे तो कशाने सिद्ध करणार? वाहिनी म्हणेल, मुद्रण नियमाप्रमाणे ९० दिवस ठेवलं, आता नाही. म्हणजे नियमाचं संरक्षण बोलणाऱ्याला मिळतं, ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला नाही. संग्रहात असणं म्हणजे पुन्हा दाखवणं नव्हे. पीडितांची ओळख असलेले भाग अमुक वर्षं बंद ठेवता येतील, त्या माणसाला स्वतःबद्दलचं मुद्रण मिळवण्याचा हक्क देता येईल. हे नियमांचं काम आहे, आणि न्यायालयाच्या कागदपत्रांबाबत आपण ते करतोच.

मला खरी भीती वेगळीच वाटते. असा कायदा झाला की सरकार म्हणेल, आणा ते सगळं आमच्याकडे, सांभाळतो आम्ही. आणीबाणीत आकाशवाणी कुणाच्या इशाऱ्यावर बोलत होती ते विसरायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवांच्या नियमनाच्या विधेयकाचा मसुदा आला, तेव्हाही मुख्य वाद झाला तो नियंत्रण कुणाचं यावरच. ज्या खात्याला वाहिनीचा परवाना रोखता येतो, त्याच्याच हाती तिची जुनी फीत द्यायची, तर सोयीची फीत सापडेल आणि गैरसोयीची गहाळ होईल. प्रसार भारतीने आपल्या जुन्या मुद्रणांचं डिजिटलीकरण चालवलं आहे ते स्वागतार्ह आहे, पण स्वतःच्याच संग्रहाचा एकमेव राखणदार स्वतः असणं तिच्यासाठीही बरं नाही.

यावर तोडगा १९५४ च्या कायद्यातच आहे. त्याने पुस्तकं एका शहरात कोंडली नाहीत, कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली अशी चार ठिकाणी वाटली. एका ठिकाणची प्रत हरवली किंवा हरवली गेली, तर तीन उरतात. ‘पुस्तकं आणि वृत्तपत्रं’ या शब्दांपुढे ‘प्रसारणं’ हा एक शब्द वाढवायचा, वाहिनीने ९० दिवसांसाठी केलेलं मुद्रणच मुदत संपताना पुसण्याऐवजी या ग्रंथालयांकडे पाठवायचं, आणि आत बसून बघण्याची सोय कोणत्याही नागरिकाला द्यायची. मुद्रण तर आजही होतंच आहे, त्याचा खर्च वाहिनी आधीच करते. सुरुवात रेडिओपासून करावी. सगळ्यात स्वस्त तोच, आणि आजवर सगळ्यात जास्त वाया गेलंय तेही त्याचंच.